शनिवारी पालथे ठेवलेले बूट

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते आमच्या राव सारांचं. आईवडिलांचं वेगळं, त्याची बरोबरी कुणाशी करायची नसते. पण तंजावरजवळच्या ओरत्तनाडूतल्या एका शिंप्याचा मुलगा पदवीधर झाला, सरकारी नोकरीला लागला, बदलीवर पुण्याला आला आणि आज मराठीत चार पानं लिहू शकतो, यातली एकेक गोष्ट सारांमुळे झाली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नव्हतं.

सार म्हणजे आपलं सर, आणि राव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तंजावरात मराठी बोलणाऱ्या प्रत्येकालाच लोक राव म्हणतात. माझ्या वडिलांनाही म्हणत. पण पहाटे कालव्याच्या काठावर कुणी ‘राव सार’ म्हटलं, की सायकलवरच्या त्या एकाच माणसाकडे सगळे वळून बघत.

सार स्वतः आयुष्यात कधी धावले नव्हते. पाटबंधारे खात्यात ते ओव्हरसिअर होते. कालव्याच्या दारांपाशी दगडावर कोरलेल्या पट्ट्या असतात. पाणी किती चढलं, किती उतरलं, ते त्यावर बघून लिहून ठेवायचं, हे त्यांचं नोकरीतलं काम. बस डोळ्यांसमोरून गेली तरी ते पाऊल उचलायचे नाहीत. “धावणं तुमचं काम. बघणं माझं,” म्हणायचे. उंच, वाकलेले, घोट्याच्या वर राहणारी फुलपँट, आणि सायकलच्या दांडीला बारा महिने बांधलेली छत्री. पहाटे आम्ही पाच-सहा पोरं धावायला लागलो की ते मागून यायचे. तोंडाने एक शब्द नाही. घंटी एकदा वाजली की जोर लावायचा, दोनदा वाजली की कमी करायचा, आणि लांबलचक वाजली की थांबायचं. एकदा म्हैस आडवी आली म्हणून त्यांनी लांबलचक घंटी वाजवली. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. म्हैस चालत राहिली. त्या दिवशी सार हसले होते. त्यांना हसताना मी पाहिलं ते मोजक्या वेळाच.

माझी त्यांची भेट एका काट्यामुळे झाली. अकरावीला मी तंजावरला मामाकडे राहायला आलो होतो. शाळेची वाट कालव्याकाठून जायची आणि मला नेहमी उशीर व्हायचा, म्हणून मी अनवाणी पळत जायचो, चपला हातात. एका सकाळी पायात काटा गेला आणि मी “आई गं!” म्हणून खाली बसलो. कालव्याच्या दारावर उभा असलेला एक माणूस वळला आणि चक्क मराठीत म्हणाला, “कुणाचा रे तू?”

मी सांगितलं. ओरत्तनाडू, वडील शिंपी.

“बरं. काटा काढ. पाय पाण्यात बुडव आणि ह्या पायरीवरून चालून दाखव.”

मी चाललो. कोरड्या दगडी पायरीवर माझ्या ओल्या पावलांचे ठसे उमटले. सार त्यांच्यावर ओणवे झाले आणि ते सुकेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, “उद्या साडेपाचला ये. चपला आणू नकोस.”

एवढीच निवड. मी किती वेगाने पळतो हे त्यांनी विचारलं नाही.

त्यांचा नियम साधा होता. पहिलं वर्ष अनवाणी. दुसऱ्या वर्षापासून पांढरे कॅनव्हासचे बूट, शाळेच्या ड्रिलला घालतात ते, पातळ रबरी तळाचे. त्यापलीकडे काही नाही. आणि दर शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाने आपले बूट घेऊन राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांच्या घरी जायचं. घराबाहेर बसायची ओटी असते, तिला तिकडे तिण्णै म्हणतात. त्या तिण्णैवर वर्तमानपत्र पसरून सगळ्यांचे बूट ओळीने पालथे ठेवायचे, टाचा रस्त्याकडे. सार आतून रांगोळीच्या, म्हणजे कोलमच्या पिठाचा डबा घेऊन यायचे. चिमूटभर पीठ तळावर पसरायचे आणि हळूच फुंकर मारायचे. जिथे तळाची नक्षी शाबूत असेल तिथे पीठ खाचांत अडकून राहायचं. जिथे ती झिजली असेल तिथून उडून जायचं. मग तो तळ म्हणजे त्यांच्यासाठी छापील पान असायचं.

“तू डाव्या पायावर कमी भार देतोस. गुडघा दुखतो का?”

“नाही सार.”

“दुखतो. मंगळवारपासून दुखतो.”

आणि तो खरंच मंगळवारपासून दुखत असायचा. टाचेची बाहेरची कड झिजली तर एक अर्थ, चवड्याचा मध्य झिजला तर दुसरा. सगळ्यात वाईट म्हणजे आतली कड. आतली कड झिजली की सार त्या मुलाला तीन आठवडे धावू देत नसत, मग तो कितीही रडो. “पाय आत कोसळतोय. तो कोसळला की वरचं हाड सोसतं. हाड बोलत नाही, एकदम मोडतं.”

दूरदूरचे व्यायामशिक्षक त्यांना मानत. कोण निवडायचा आणि किती धाववायचा, हे सारांनी सांगितलं की पुढे कुणी विचारत नसे.

घरात त्यांची थोरली विधवा बहीण होती, आक्का. घर तिचं होतं, सार त्यात राहत असत म्हणायला हरकत नाही. शनिवारी उंबऱ्यातून तिचा आवाज यायचाच.

“रामा रे! देवापुढं घालायचं पीठ जोड्यांना!”

“आक्का, ह्या पोरांच्या पायात देव नाही कशावरून?”

“असेल. जोड्याच्या चामड्यात नाही.”

“चामडं नाही आक्का, कॅनव्हास आहे. कापूस.”

“वास चामड्याचाच येतो. कोपरापर्यंत हात धू, मग कॉफी.”

सार मुकाट्याने विहिरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे. त्यांच्या घराण्यातल्या माणसाने आमच्या पायातल्या वहाणा हातात घेऊन नाकाशी धराव्यात, हे त्या गल्लीला शेवटपर्यंत पचलं नाही. नातेवाइकांनी त्यांना मुंजी-लग्नांत पुढे बसवणं सोडलं होतं. सारांना ते कळत होतं. ते मागे बसायचे आणि जेवून लवकर निघायचे.

उन्हाळ्यात, एप्रिल-मे, ते आमचं धावणं बंद ठेवायचे. त्या दोन महिन्यांत त्यांनी मला देवनागरी शिकवली. माझी शाळा तमिळमधली. “तुझ्या घरची भाषा तुझ्या तोंडात आहे, हातात नाही,” म्हणाले आणि पाटी आणली. अकरावीचा मुलगा मी, तिण्णैवर बसून ‘क’ गिरवत होतो आणि गल्लीतली लहान पोरं हसत होती. पण त्याच उन्हाळ्यात त्यांनी मला दुसरंही वाचायला शिकवलं. जुने बूट ते टाकत नसत. मागच्या खोलीत गोणपाटात भरलेले असायचे. एकेक काढून ते माझ्यापुढे पालथा ठेवत. “ह्याचं काय झालं असेल?” मी चुकत चुकत शिकलो. पुढे शनिवारी त्यांचं बघून झालं की ते मला म्हणायचे, “आता तू बघ.” बाकी कुणाला त्यांनी हे म्हटलं नाही.

एकदा माझे वडील मला परत न्यायला आले. दुकानात हात कमी पडत होते, शाळांच्या गणवेशाचा हंगाम होता. सारांनी त्यांना तिण्णैवर बसवलं.

वडील म्हणाले, “सार, धावून काय मिळतं? आमच्या गावचा पोस्टमनसुद्धा सायकलीवर येतो.”

“ह्याला कॉलेज मिळेल.”

“धावून?”

“धावून.”

वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही दोघांनी मिळून त्यांची थट्टा मांडली आहे. मग सारांनी समजावून सांगितलं. तिरुच्चीतलं एक कॉलेज दरवर्षी लांब पल्ल्याचा एक धावपटू घेत असे, फी माफ, वसतिगृह माफ. जागा एकच. तिथले क्रीडाशिक्षक एक चाचणी शर्यत घेत आणि सारांची चिठ्ठी मागत. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना मला म्हणाले, “बारावीपर्यंत बघतो. मग मशीन.” तर माझ्यापुढे दोनच गोष्टी होत्या, ती एक जागा किंवा शिलाईचं मशीन.

ती जागा खरं म्हणजे सेल्वमची होती. सेल्वम माझ्याच वर्गातला, माझ्याहून एक वर्ष आधीपासून सारांकडे. तो धावायला लागला की आम्ही बाकीचे मागे मातीत चालतोय असं वाटायचं. मोठ्या मनाचा मुलगा. बसस्टँडजवळ परोटा खाल्ला तर अर्धा माझ्यापुढे सरकवायचा, न विचारता.

तोवर काळ बदलत होता. घराघरांत केबल आली होती आणि आम्ही पहिल्यांदाच परदेशी धावपटूंचे पाय जवळून बघत होतो. तिरुच्चीत काचेच्या भिंतींचं बुटांचं दुकान निघालं. आधी पोरांना पांढऱ्या कॅनव्हासचीच हौस होती, खडू लावून ते शुभ्र करायचे. वर्षभरात त्याचीच लाज वाटू लागली. निळ्या-पांढऱ्या स्पंजच्या तळाचे देशी बूट आले, मग बाहेरचे, जाड टाचांचे. कुणाचा मामा सिंगापूरला, कुणाचा भाऊ आखातात. सुट्टीवर येणाऱ्या माणसाकडे पोरं आता घड्याळ मागत नव्हती, बूट मागत होती, आणि कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने काढलेलं माप टपालाने पाठवत होती.

सारांनी अशा बुटाची एक जोडी मागून घेतली आणि करवतीने आडवी कापली. ज्याची होती तो मुलगा रडला. सार आतला स्पंज बोटाने दाबत राहिले. म्हणाले, “बूट वाईट नाही. पण ह्यात पाय काय करतो ते मला दिसत नाही. मला दिसत नसेल तर मी जबाबदारी कशी घेऊ? हे घालायचे त्याने खुशाल घालावेत. माझ्याकडे येऊ नये.”

त्या वर्षी तीन मुलं गेली. एका तरुण प्रशिक्षकाने नव्या स्टेडियमवर वर्ग काढला होता, तिकडे. सारांनी कुणाला अडवलं नाही. पहाटे मागे घंटी तशीच वाजायची, फक्त ती ऐकायला आता मी, सेल्वम आणि एक नववीतला मुलगा एवढेच होतो.

दिवाळीनंतर सेल्वमच्या मामाने सिंगापूरहून जोडी आणली. राखाडी आणि केशरी. टाच एवढी जाड की सेल्वम ते घालून उभा राहिला की माझ्याहून बोटभर उंच दिसे. ते घालून पहिल्या दिवशी तो पळाला आणि परत येऊन म्हणाला, “डेय, जमीन लागतच नाही रे. कुणीतरी खालून उचलून धरतंय.”

“सारांना सांगणार?”

“वेडा आहेस? त्यांची चिठ्ठी नको का मला?”

मग असं ठरलं. पहाटे सारांसमोर कॅनव्हास. संध्याकाळी, सार ऑफिसात असताना, मेडिकल कॉलेजच्या बाजूच्या रस्त्यावर सिंगापूरचे. खरी मेहनत संध्याकाळचीच असायची. सारांनी दिलेली लांब धाव संध्याकाळची होती, ती आम्ही आपापली करायची आणि त्यांनी ती शनिवारी तळावरून ओळखायची. अडचण तिथेच होती. पहाटेच्या थोड्याशा धावेने सेल्वमचा कॅनव्हास फारसा झिजतच नव्हता. दोन आठवड्यांत सारांनी विचारलं असतं, हा मुलगा हवेत धावतो काय?

सेल्वम माझ्याकडे आला. “तुला कळतं ते बूट वाचायचं. कसा झिजायला हवा ते तुला माहीत आहे. तूच झिजव.”

आणि मी झिजवले. दर शुक्रवारी दुपारी, शिवगंगा तळ्याच्या पायऱ्यांवर बसून, सेल्वमचे कॅनव्हासचे बूट मी दगडावर घासत असे. डोळे मिटून नव्हे. चवड्याखाली गोल, एकसारखं. टाचेच्या बाहेरच्या कडेला थोडंसं, सारांना आवडायचं तेवढंच. मग ओल्या मातीत दाबून वाळवायचे, म्हणजे घासल्याचा ताजेपणा जाई. निर्दोष पायाचा तळ कसा असावा, तो मी करून द्यायचो. मला त्या कामाचा थोडा अभिमानही वाटायचा, हे लिहायला आज लाज वाटते.

शनिवारी सार पीठ फुंकायचे आणि सेल्वमच्या बुटापाशी त्यांचा चेहरा उजळायचा. “असा पाय मी पाहिला नाही,” एकदा आक्कांना बोलावून म्हणाले. आक्का म्हणाल्या, “पाय कुठंय? जोडा आहे.” पण सारांनी त्या आठवड्यापासून सेल्वमची धाव वाढवली. बाराची सोळा, सोळाची वीस किलोमीटर. एवढं त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. तळ सांगत होता की हा पाय सोसेल.

चाचणी शर्यत वल्लमच्या रस्त्यावर होती, पाच किलोमीटर जाऊन परत. सार बघायला येणार म्हणून सेल्वमने कॅनव्हास घातला. चार महिने त्याची लांब धाव जाड टाचांवर झाली होती. पहिले पाच तो सगळ्यांच्या पुढे होता. परतताना सातव्या किलोमीटरला मला तो चिंचेच्या झाडाखाली बसलेला दिसला. दोन्ही हातांनी नडगी धरली होती आणि तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. मागून सारांच्या सायकलची घंटी वाजली, लांबलचक. ती कुणासाठी होती ते मला कळलं होतं. मी थांबलो नाही.

मी पहिला आलो.

हाड मोडलं होतं. प्लास्टर तीन महिने राहिलं आणि नीट बसलं नाही. सेल्वम पुन्हा धावला नाही. आजही तो उतरणीवर एका कुशीला झुकून चालतो.

पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा तिण्णैवर एकच जोडी होती. शर्यतीतली, सेल्वमची. सार पीठ टाकत, फुंकत, पुसत आणि पुन्हा टाकत होते. मला बघून म्हणाले, “ह्यात काहीच नाही. बघ. काहीच नाही. मग मला काय दिसत होतं इतकी वर्षं?”

तेव्हा सांगायला हवं होतं. मी उभा राहिलो. त्यांनी आत जाऊन कागद आणला, माझ्या जागेसाठीची चिठ्ठी, सही केलेली. ती मी दोन्ही हातांनी घेतली आणि त्यांच्या पाया पडलो.

त्यानंतर त्यांनी कुणाचे बूट वाचले नाहीत. नववीतल्या मुलाला त्यांनी स्वतः स्टेडियमवर नेऊन त्या तरुण प्रशिक्षकाच्या हवाली केलं आणि म्हणाले, “ह्याला चांगले जाड बूट घेऊन द्या.” सहा महिन्यांनी कालव्याच्या पट्टीवर त्यांनी पाणी वाचलं आणि मग खालच्या लस्कराला, म्हणजे दारं उघडणाऱ्या कामगाराला, विचारलं, “तुला किती दिसतंय?” पुढे रोज विचारायला लागले. लस्कर ऑफिसात हसून सांगायचा. सारांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. आक्कांनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे, वयाच्या मानाने नवल वाटावं अशी. सार बाहेर येऊन म्हणाले, “त्यालाही दिसलं नाही.” तांदळातले खडे आक्काच बघू लागल्या. रस्ता ओलांडताना ते अनोळखी माणसाला विचारायचे, “बस येतेय का हो?” रस्ता रिकामा असायचा.

दर रविवारी मात्र ते सेल्वमच्या घरी जायचे. त्याची आई घाबरायची, एवढा मोठा माणूस दारात. सार बाहेरच्या बाकावर बसायचे आणि सेल्वमच्या पायाकडे बघायचं टाळत त्याचा अभ्यास घ्यायचे. खात्यात ओळख लावून त्यांनी त्याला कालव्याच्या दारावर नोकरी मिळवून दिली. त्यांच्या मते तो पाय त्यांनी मोडला होता.

मी कॉलेजात होतो, वसतिगृहाचा भात खात होतो, आणि सारांना पत्रं लिहीत होतो. मराठीत, त्यांनी शिकवलेल्या अक्षरांत. प्रत्येक पत्रात आभार.

नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत मी सेल्वमला गाठलं. कालव्याच्या दारावर तो चाकाला ग्रीस लावत होता.

“सारांना सांगावं म्हणतो.”

“काय?”

“माहीत आहे तुला.”

तो ग्रीस लावतच राहिला. “डेय, तुझ्या मनावरचं ओझं उतरेल. माझं काय? ते दर रविवारी येतात. माझी आई त्यांच्यासाठी कॉफी करते. हा लबाड होता म्हणून पाय मोडला, हे तिला कळू दे म्हणतोस?”

“ते आंधळ्यासारखे राहतात रे.”

“आणि मी लंगडा राहतो. तू साहेब आहेस.”

मी परत फिरलो तर मागून हाक आली. “ए! लिहायचं तर लिही. पण माझं नाव आधी घालू नकोस. तुझं आधी घाल.”

तरीही आणखी दोन वर्षं मी काही केलं नाही. मग एका सुट्टीत पुण्याच्या आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने आपल्या मुलाचा बूट माझ्याबरोबर दिला. मुलगा धावतो, पाय दुखतो, तुमच्या गुरुजींना दाखवा म्हणून. मी मोठ्या उत्साहाने तो सारांपुढे ठेवला. ते भिंतीला टेकून बसले होते, आक्का जाऊन महिना झाला होता. त्यांनी बूट पालथा केलाच नाही. पायाने लांब सारला. ज्या माणसाने आयुष्यभर आमच्या वहाणा हातात घेतल्या, त्याने.

“मला दाखवू नकोस. एका पोराचा पाय मोडलाय मी.”

पुण्याला परतल्यावर मी पत्र लिहिलं आणि रजिस्टर्ड पाठवलं. पोचपावती आली, तिच्यावर सारांची सही आहे. उत्तर आलं नाही. त्यानंतर ते दीड वर्ष होते. सेल्वम सांगतो, रविवारचं येणं त्यांनी थांबवलं नाही आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. पत्राची प्रत मी ठेवली होती. ती अशी:

ती. सारांना साष्टांग नमस्कार.

आजवर तुम्हाला मी पुष्कळ पत्रं लिहिली. त्या सगळ्यांत एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी राहू दिली.

आधी माझं लिहितो. चाचणीआधीचे चार महिने सेल्वमचे कॅनव्हासचे बूट मी दगडावर घासून झिजवत होतो. तुम्ही दर शनिवारी जो तळ बघितलात तो पायाने झिजलेला नव्हता, माझ्या हाताने झिजलेला होता. सेल्वम संध्याकाळी सिंगापूरचे बूट घालून धावायचा. तुमच्या चिठ्ठीसाठी त्याने ते लपवलं. कल्पना त्याची, पण काम माझं, आणि माझ्यावाचून ते झालं नसतं. तुम्ही वीस किलोमीटर दिलेत ते माझ्या कामावर विश्वास ठेवून दिलेत.

इतकं सेल्वमलाही माहीत आहे. ह्यापुढचं त्यालाही माहीत नाही. ते आधी तुम्हाला सांगतो, मग त्याला सांगेन.

शर्यतीला तीन आठवडे होते तेव्हा सेल्वमने ते जाड बूट माझ्याकडे, मामाच्या घरी ठेवले होते. मी ते सहज पालथे केले. उजव्या बुटाची आतली कड पार बसली होती. स्पंज आतून चिरडून एका बाजूला गेला होता. तुम्ही म्हणायचात की ह्या बुटांत दिसत नाही. सार, दिसत होतं. तुम्ही शिकवलंत तसं बघितलं तर ह्या बुटांतही दिसत होतं. पाय आत कोसळत होता. तो तीन दिवसांपासून जिना उतरताना कठडा धरत होता, तेही मी पाहिलं होतं. पुढे काय होणार ते मला कळलं. तीन आठवडे विश्रांती घेतली असती तर तो वाचला असता, आणि त्या वर्षी धावला नसता.

मी बूट पुन्हा सरळ करून ठेवले.

त्याच शनिवारी तुमचं बघून झाल्यावर तुम्ही मला म्हणालात, आता तू बघ. मी ओणवा झालो, मीच घासलेल्या तळावर फुंकर मारली आणि म्हणालो, चांगलं आहे सार. तुम्ही माझ्या पाठीवर थाप दिलीत.

जागा एकच होती. तेव्हा मी स्वतःशी असं म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. पण जागा एकच होती हे मला माहीत होतं, आणि वडिलांचं मशीनही माहीत होतं. माझी पदवी, ही नोकरी, हे अक्षर, सगळं त्यानंतरचं आहे.

म्हणून सार, तुम्ही कुणाचा पाय मोडला नाहीत. जे तुमच्यासमोर ठेवलं ते तुम्ही बरोबर वाचलंत. दुसरं मी लपवून ठेवलं होतं.

मला माफ करा असं मी लिहीत नाही. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, तुम्ही करून टाकाल. मग मी तुम्हाला पुन्हा आभाराचं पत्र लिहीन, आणि तशी फार झाली.